साठ खिळे

चौपन्न पायऱ्या. लिफ्ट नाही.

लिस्बनमध्ये सलिल एका भिंतीचा फोटो काढत होता, तेव्हा एका म्हातारीने त्याला बादलीभर पाणी आणून दिलं. तिला वाटलं, भिंत धुणारा आला.

साडीला फॉल लावल्यावर टाका दिसला, तर उसवून पुन्हा घालायचा.

वागळे इस्टेटमधल्या एका वॉचमनने सलिलकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काही हरवलंय का?"

पाटीचा रंग हिरवा.

गुढीपाडव्याला सात आठवडे.

*

तर सलिल प्रधान. वय चव्वेचाळीस, मुक्काम वर्तकनगर, व्यवसाय त्याच्याच माहितीपत्रकानुसार 'फिरता छायाचित्रकार'. लिस्बन, हनोई, इस्तंबूल त्याने पायी पालथी घातलेली. माहितीपत्रकाच्या शेवटी एक ओळ होती: 'शहर पायांना कळतं.' ही ओळ सुचली तेव्हा तो विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर उभा होता, हे मात्र तिथे लिहिलेलं नव्हतं.

आता ठाण्यात त्याचं प्रदर्शन ठरलं होतं. नाव 'पायी', फोटो बारा, सगळे आपल्याच परिसरातले. त्यासाठी त्याने तीन दिवस आखले. पहिल्या दिवशी वर्तकनगर ते वागळे इस्टेट. दुसऱ्या दिवशी कल्याण ते विठ्ठलवाडी, त्यातला पाऊण तास एका गंजक्या पत्र्यासमोर. तिसऱ्या दिवशी डोंबिवली. माणसं तो फोटोत घेत नसे. माणसं आली की शांतता बिघडते, असं त्याचं मत. पाट्याही नकोत. त्याला हवे असत पोपडे. रंगाचे, गिलाव्याचे, मिळतील ते.

तिसऱ्या दिवशी अकरा फोटो ठरले होते आणि बारावा सकाळीच मिळाला होता. त्याच आनंदात तो डोंबिवली पूर्वेच्या एका जुन्या इमारतीच्या जिन्यात शिरला आणि एका भेगेसमोर गुडघ्यावर बसला. मागून भाजीची पिशवी घेतलेले सुधीर बेहेरे आले. वय बहात्तर, सोसायटीचे सेक्रेटरी. इमारतीचं ऑडिट करणाऱ्या माणसाची ते तीन आठवडे वाट पाहत होते. भेगेसमोर भक्तिभावाने बसलेला माणूस दुसरा कोण असणार? त्यांनी त्याला, खरी भेग आमच्या स्वयंपाकघरात आहे, असं सांगून वर चालवलं. सलिलने गैरसमज दूर केला नाही. घरातले पोपडे त्याला क्वचितच मिळत.

तिसऱ्या मजल्यावर पोचताना धाप लागली ती सलिलला.

सुधीररावांनी त्याला दिवाणावर बसवलं. खिडकीपाशी खुर्चीत त्यांच्या पत्नी चित्राताई होत्या. त्यांनी सलिलला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अहो, हा ऑडिटवाला नाही. ह्याच्याजवळ टेप कुठाय? हा फोटोवाला आहे."

सुधीरराव ओशाळले आणि चहा टाकायला आत गेले. चित्राताईंनी चौकशी सुरू केली. चालत आलास? स्टेशनपासून? मार्केटच्या मागच्या गल्लीतून? म्हणजे माझं दुकान दिसलं असेल तुला.

सव्वीस वर्षं त्या गल्लीत त्यांचा फॉल-पिकोचा एवढासा गाळा होता. गुडघे गेले तसं नवरात्रापासून खाली उतरणं बंद झालं. दुकान आता संचिता बघत होती, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिने नवीन हिरवी पाटी लावल्याचं सुधीरराव सांगत. रोज संध्याकाळी ते दुकानाची खबर आणत, आणि रोज संध्याकाळी चित्राताई कठडा धरून सहा पायऱ्या उतरत, सहा चढत. पाडव्याच्या साड्यांना दुकानात बसायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. पाटी नीट लागलीय का, एवढंच त्यांना सलिलकडून हवं होतं.

आतून सुधीरराव म्हणाले, की त्या बिचाऱ्याला पाटी कशी आठवणार. आणि खरंच, त्या गल्लीत चाळीस मिनिटं घालवलेल्या सलिलला एकही दुकान आठवेना. शहर पायांना कळलं असेलही, पण पायांनी वर काही कळवलं नव्हतं. लाज झाकायला त्याने कॅमेरा पुढे केला.

*

फोटो ८८.

चित्राताईंनी भिंत क्षणात ओळखली. वाण्याच्या दुकानामागची.

"जरा डावीकडे सरकव. डावीकडे त्याची पाटी आहे."

सलिलने समजावलं, की फोटो तिथेच संपतो, आपण फ्रेम तशी धरली.

"फ्रेम चष्म्याची असते," चित्राताई म्हणाल्या. "हे अर्धवट आहे."

पुढचे तीस-चाळीस फोटोही त्यांनी असेच डावीकडे, उजवीकडे सरकवायला लावले. एकही सरकला नाही.

*

फोटो १३१.

दुखावलेल्या सलिलने शेवटी हुकमी पान काढलं. बारावा फोटो, 'निळा, क्रमांक तीन'. निळ्या ऑइल पेंटची भिंत, तिच्यावर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याखाली गंजाचा ओघळ, आणि सगळ्यावर तिरपं ऊन. हा फोटो एकटेपणाबद्दल आहे, असंही त्याने सांगितलं.

चित्राताईंनी कॅमेरा हातात घेतला. ओठ हलवत त्या मोजत राहिल्या. पाच रांगा, एका रांगेत बारा. कुणीतरी लय ओळखली, म्हणून सलिल सुखावला.

"इथे ऊन कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

"वरून. छप्पर नाहीये ना काकू, म्हणून तर असा लाइट मिळाला."

हे वाक्य सलिल अभिमानाने बोलला. आत चहाची गाळणी खाली पडली, तेव्हाही त्याला काही कळलं नाही. चित्राताईंनी पट्टा नीट गुंडाळून कॅमेरा परत दिला, आणि मग कळलं.

"अहो, बाहेर या."

सुधीरराव आले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळे झाले. डिसेंबरात गल्ली रुंद झाली, त्यात गाळा गेला. मागची भिंत मागच्या इमारतीची, म्हणून ती राहिली. संचिता मशीन घेऊन शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली बसते. फोनवर काय बोलायचं, ते तिला त्यांनीच पढवलं होतं. दुकान गेल्याचं कळलं असतं, तर त्या सहा पायऱ्याही सुटल्या असत्या, ही त्यांची भीती.

चित्राताई खुर्चीतच नवऱ्याकडे वळल्या.

"आणि पाटी?"

"तुला हिरवा आवडतो म्हणून," सुधीरराव म्हणाले.

सलिलला फोटो खोडून टाकायची घाई झाली. तसं तो बोललाही. चित्राताईंनी त्याला थांबवलं.

"खोडू नकोस. बाकीचं आण. संचिता, मशीन, जिना, रस्ता, सगळं एकात. आणि सरळ काढ, कलाकुसर नको."

*

फोटो १३२.

रस्त्याच्या मधोमध उभं राहून सलिलने जे होतं ते सगळं घेतलं. स्कूटर, गटार, उसाचा रसवाला, वायरींचा गुंता, एक कुत्रं, आणि जिन्याखाली मशीनवर वाकलेली संचिता. 'जरा बाजूला व्हा' असं तो कुणालाही म्हणाला नाही. संचिताने विचारलं, काकूंना कळलं का? कळलं म्हटल्यावर तिने पायडल थांबवलं.

"बरं झालं. मला त्या पाटीचा रंगच लक्षात राहायचा नाही."

परत चढताना छत्तीस पायऱ्यांनंतर सलिल थांबला. धाप होतीच, पण दुसऱ्या मजल्यावर प्लॅस्टिकच्या स्टुलावर चित्राताई बसल्या होत्या. शेजारी सुधीरराव, बोलणी खाऊन झाल्याच्या चेहऱ्याने.

"अठरा उतरले," त्या म्हणाल्या. "दाखव."

त्यांनी फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला. या वेळी डावीकडे रसवाला होता.

"जिना फार बुटका आहे. उठताना हिच्या डोक्याला लागत असणार," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याला विचारलं, की खाली आता छत्तीस राहिल्या ना.

'पायी' प्रदर्शनात अकरा भिंती आणि एक गर्दीचा फोटो लागला. तो बारावा दुसऱ्या कुणाचा आहे का, असं दोघांनी सलिललाच विचारलं. बऱ्याच अंशी, असं त्याने सांगितलं.

डिसेंबरात, गाळा पाडायच्या आदल्या संध्याकाळी, सुधीररावांनी खिळ्यांवरची दोऱ्याची साठही रिळं उतरवून घरी आणली होती आणि सलिल बसला त्या दिवाणाच्या खणात ठेवली होती.