सासूला माहीत नसलेली गोष्ट

आर्वीच्या बाजारात हिरालालजींचं कापडाचं दुकान आहे. दिवाळीनंतरचे काही महिने त्या दुकानाच्या गादीवर रोज दुपारी अमेरिकेची वकिलात भरत होती. गिऱ्हाईक पातळ झालं की हिरालालजी कापड मोजायचा गज बाजूला ठेवत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढत आणि डोक्यावर पदर घेऊन समोर उभ्या असलेल्या रुचिकाला, म्हणजे आपल्या सुनेला, साहेबाच्या आवाजात विचारत,

"नवऱ्याले खायाले काय आवडते?"

"वांग्याचं भरीत. तेल जास्त."

"झोपते कोणत्या कुशीवर?"

"डाव्या."

"सूनबाई, मान खाली नाई घालाची. साहेबाले वाटन खोटं बोलून राह्यली."

सासऱ्यापुढे मान वर केली तर निर्लज्ज आणि साहेबापुढे खाली घातली तर खोटारडी. रुचिकानं मधला मार्ग म्हणून परकरांच्या गठ्ठ्याकडे पाहायचं ठरवलं होतं.

नवरा अंकित न्यू जर्सीत नोकरीला. लग्नाला आला, रजा संपली, गेला. मागोमाग बायकोला न्यायचं तर तिनं मुंबईच्या वकिलातीत मुलाखत द्यायची, आणि लग्न नुसतं कागदावरचं नाही, खरं आहे, हे तिथल्या साहेबाला पटवायचं. साऱ्या आर्वीनं जेवून हात धुतलेलं लग्न खोटं कसं असेल, हे हिरालालजींना कळत नव्हतं. पण साहेब पंगतीला नव्हता, त्याला काय बोलणार.

अभ्यासक्रम शकुंतलाबाईंचा होता. मुलाबद्दल आईपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? तो बारावीनंतर घराबाहेर पडला तोवरचं सगळं त्यांनी सुनेकडून घोटून घेतलं. गुडघ्यावरची खूण आठवीतली. तो पडला ती सायकल मधुकररावांच्या मुलाची. हे मधुकरराव समोरचे भांडीवाले. ते बाहेरचे परीक्षक म्हणून येत आणि चहा पिऊन निकाल देत. पुढं पुढं तर भाजीवाल्या कुंताबाईही विचारू लागल्या, "काय वं बाई, कोणत्या कुशीवर?" उत्तर बरोबर आलं की कोथिंबीर फुकट.

अंकितचा फोन रविवारी यायचा, हिरालालजींच्या मोबाइलवर. ते तो कापडाच्या ठाणावर ठेवून स्पीकर लावत. घर बोले, बाजार बोले, उरल्यासुरल्या वेळात रुचिका बोले, "बरी आहे." मोठ्यांदेखत नवऱ्याशी याहून जास्त बोलणारी सून त्या घरात अजून आली नव्हती.

मात्र एक गोष्ट रुचिकाला ठाऊक होती आणि ती कोणी शिकवली नव्हती. लग्नानंतर सगळं घर बोर धरणावर सहलीला गेलं होतं. बाया पुऱ्या तळत होत्या, तेव्हा नव्या जोडप्याला "जा, चक्कर मारून या" म्हणून पिटाळलं. धरणाच्या भिंतीवर वारा सुटला होता. अंकित म्हणाला, "माझं तिकडं घर आहे. घरात एक बाई आहे. आमची एक लहान पोरगी आहे. लग्न केलं नाही आम्ही. आईनं जेवण सोडलं म्हणून इथं लग्नाला उभा राहिलो." मग धंद्याच्या घरातल्या मुलाला शोभेल असा भाव त्यानं सांगितला. "तू बायको म्हणून ये. उतरलीस की तुझा रस्ता तुझा. लॅबचं काम तिकडंही मिळतं. आईले सांगू नको."

लग्नाआधी रुचिका सेवाग्रामला दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. मुलाकडचे नको म्हणाले आणि ती नोकरी सुटली. धरणाच्या भिंतीवरून परत येऊन पानावर बसली तेव्हा तिला रडू यायला हवं होतं. पहिली पुरी घशाखाली उतरली नाही. दुसरी उतरली. तिसऱ्या पुरीला तिच्या लक्षात आलं, की सौदा काही वाईट नाही. एक खोली, तिची किल्ली आपल्याजवळ, आणि कोणत्या कुशीवर झोपतेस म्हणून विचारणारं कोणी नाही. त्यानंतर ती तालमीला अशी मन लावून उभी राहू लागली, की मधुकरराव म्हणाले, "पोरीचं भारी प्रेम आहे बा नवऱ्यावर."

मुंबईला हिरालालजी सोबत गेले. त्यांना रस्त्यावरच थांबवलं. आत काचेपलीकडे एक कोवळा गोरा साहेब होता, आणि त्याचं बोलणं मराठीत सांगायला एक बाई. साहेबानं आधी तिला हात वर करून खरं बोलायची शपथ घ्यायला लावली. मग प्रश्न सुरू झाले. भरीत, कूस, गुडघा. रुचिका धडाधडा सांगत गेली. साहेबानं लग्नाचे फोटो पाहिले. प्रत्येक फोटोत नवरा-नवरीच्या मध्ये कोणीतरी काका होते.

"नवऱ्याशी फोनवर काय बोलता?" बाईंनी विचारलं.

"तब्येतीचं."

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या."

"त्यांच्याबद्दल हे सगळं तुम्हाला कसं कळलं?"

शपथ अजून ताजी होती. "सासूबाईंनी सांगितलं."

साहेब हसला. हसणं चांगलं होतं, त्यानंच घात केला. बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, आता एक अशी गोष्ट सांगा, जी तुमच्या सासूबाईंना माहीत नाही."

रुचिकानं मनात शोधलं. भरीत निघालं, सायकल निघाली, गोवर निघाला. खोटं बोलायचीही तिची तयारी होती, पण येत होतं तेवढं खोटंसुद्धा सासूबाईंनीच शिकवलेलं. तळाशी एकच गोष्ट स्वतःची होती, आणि ती तोंडाबाहेर काढली की खोली, किल्ली, लॅब, सगळं तिथंच बुडणार होतं. साहेबानं वाट पाहिली. मग काचेखालून एक कागद सरकवला. पुरावा अपुरा. नवऱ्यानं आणखी पाठवावा, मग पाहू.

"असं विचारते काय कोणी?" हिरालालजी आर्वीपर्यंत हेच म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात बैठक बसली. पुढच्या खेपेसाठी आईला माहीत नसलेली एक गोष्ट तयार ठेवायची होती.

"गुटखा खाते म्हणावं," मधुकररावांनी सुचवलं.

"मले माहीत आहे," शकुंतलाबाई दुकानामागच्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"दहावीत कॉपी केलती."

"चिठ्ठ्या म्याच लिहून देल्त्या."

"नागपूरहून सुट्टीत आला तवा बिअर पेला होता एकडाव."

"उलटी कोणं धुतली मंग?"

बैठक निर्णयाविना उठली. आईपुढे कोणाचं काही चाललं नाही.

रुचिका स्वयंपाकघरात गेली. शकुंतलाबाई तुरीची डाळ निवडत होत्या. रुचिका कणीक मळायला बसली आणि खाली पाहतच म्हणाली, "आई, एक गोष्ट आहे." मग धरणावरचं सगळं सांगितलं. ती बाई, ती पोरगी.

शकुंतलाबाईंचा हात थांबला नाही. एक खडा सापडला, तो त्यांनी बाजूला टाकला.

"माहीत आहे मले. नाक माह्यावर गेलं पोरीचं."

रुचिकानं कणकेत मूठ दाबली.

"मंग मले काऊन आणलं?"

"बाजारात काय सांगतलं असतं? अन् घरात सून नाई लागत काय?"

"अन् ते तालीम?"

"बाजार पाहून राह्यला होता नं. काल फोन आलता अंकितचा, माह्या मोबाइलवर. म्हणे, आता राहू दे, आनखी कागद नाई पाठवत. म्या म्हणलं, बरं."

रुचिकानं हात कणकेतून काढले. "मंग मी सेवाग्रामले जातो. नोकरी पाहतो."

"जा नं. कोणं धरलं?" शकुंतलाबाईंनी सूप हलवलं. "पन लोकाइले काय सांगशीन? साऱ्या आर्वीले माहीत आहे, तुले तुह्या नवऱ्याची एक गोष्ट नाई सांगता आली. आता तू हे सांगशीन त लोक म्हणतीन, सोता नापास झाली अन् पोराच्या अंगावर लोटून राह्यली."

बाहेर हिरालालजी कोणाला तरी तेच सांगत होते, की आमचा पोरगा तर जीव टाकते, पण सूनबाई ऐन वक्ताले घाबरली.

"हात धुऊन घे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "नातीचा वाढदिवस आहे. चांदीचे वाळे घेऊन ठेवले. पार्सलवर पत्ता इंग्रजीत लिहा लागते, तुहं अक्षर चांगलं आहे."

रुचिकानं हात धुतले, पेन घेतलं. पत्ता विचारावा लागला नाही. मुलाखतीसाठी तो तिनं पिनकोडासकट पाठ केला होता.

"वरतं नाव कोणाचं लिहू?"

"नातीचंच लिही," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि ते सांगायला त्यांनी पहिल्यांदा डाळीवरून मान वर केली.