मॅट्रिकचा कोट

मी एक जुना काळा कोट आहे, मित्रांनो. अल्पाकाच्या लोकरी कापडाचा. माझी कॉलर विरली आहे, कोपरांना ठिगळे लागली आहेत आणि बटणांपैकी दोन केव्हाच गेली आहेत. तरी मला हसू नका. एके काळी तापीकाठच्या आमच्या गावात मला हात लावण्याआधी लोक हात धुऊन येत. गंमत अशी की मला मात्र कोणी धूत नसे. तीच तर माझी सगळी कहाणी आहे.

शहाद्याच्या चुनीलाल शिंप्याने मला शिवले. कापड सुरतेचे, अस्तर साधे. मी शिवला गेलो पितांबरसाठी. आमच्या गावातून मॅट्रिकला बसणारा तो पहिला मुलगा. तेव्हा आपल्या मुलखाला पश्चिम खानदेश म्हणत. मुले नंदुरबारला खोली घेऊन तिथल्या हायस्कुलात शिकत आणि मॅट्रिकचे पेपर द्यायला धुळ्याला जात. परीक्षा मुंबईच्या विद्यापीठाची. पास झाले तर पुढे कॉलेजचे दार उघडे, निदान कचेरीत खुर्ची तरी. नापास झाले तर परत औताची मूठ. अशा मोठ्या परीक्षेला नुसत्या सदऱ्यावर कसे जायचे? म्हणून मी. पोरगा अजून अंगाने भरेल असे म्हणून चुनीलालने मला थोडे सैल ठेवले. त्यामुळे पुढे मी कोणाच्याही अंगाला बसू लागलो.

पितांबर पास झाला. गावात हलगी वाजली. त्याला मामलेदार कचेरीत कारकुनी मिळाली आणि त्याची आई धनुबाई हिने मला देवघराशेजारच्या खुंटीवर टांगले. दुसऱ्या वर्षी शेजारच्या आळीतला मुलगा बसणार होता. त्याचे वडील मला मागायला आले. तोही पास झाला. मग आणखी एक. मग काय विचारता! कोट उसना न्यायचा, अंगाला सवय व्हावी म्हणून आधी काही दिवस तोच घालून ओट्यावर अभ्यास करायचा, आणि निकाल लागेपर्यंत घरी ठेवायचा, असा रिवाजच पडला. धनुबाईची अट एकच असे.

"ह्या कोटले पानी लावजो नको. गुन उतरी जाई."

मार्चातले आमच्याकडचे ऊन तुम्हांला माहीत आहे. त्या उन्हात काळा कोट घालून ओट्यावर बसून भूमिती करायची! घामाने माझ्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटत. मला असा काही वास येऊ लागला की गावची कुत्रीसुद्धा लांबून जात. पण कोणी तसे बोलेल तर शपथ. तो विद्येचा वास आहे, असे लोक म्हणत.

मित्रांनो, तो विद्येचा वास नव्हता. तो भीतीचा वास होता. पास झालेल्या मुलांच्या गळ्यातले हार लोकांनी पाहिले, त्यांची छाती मी पाहिली. पेपर वाटायला सुरुवात झाली की ती माझ्या अस्तरावर धाडधाड आपटे. ओले तळहात माझ्या बाहीला पुसले जात. माझे एक बटण बीजगणिताच्या पेपरात एका हुशार मुलाने पिळून पिळून तोडले, आणि तो पहिल्या वर्गात आला. बटणाचे कोणी नाव काढले नाही.

मी स्वभावाने भित्राच आहे. इतक्या जणांची भीती पोटात साठवल्यावर दुसरे काय होणार? पण खरी भीती मला कळली ती नवलसिंगच्या वर्षी.

नवलसिंग हा भिकुबाईचा थोरला मुलगा. वडील नव्हते. मोठा गुणी, पण गणिताला घाबरणारा. तो धुळ्याला निघाला तेव्हा सगळे गाव पारावर जमले होते. पितांबर रजेवर आला होता. त्याने नवलसिंगच्या खांद्यावर, म्हणजे माझ्याच खांद्यावर, हात ठेवला.

"ह्या कोटमा आजपावत कोनी नापास व्हयना नही. ध्यान ठेव."

तो कौतुकाने म्हणाला, यात शंका नाही. सगळे हसले. नवलसिंगही हसला. मी मात्र त्याच्या छातीला लागून होतो. त्याच्या छातीत एक ठोका चुकला, तो मला लागला.

धुळ्याला गणिताच्या पेपरात त्याने पहिला प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. ओट्यावर हेच गणित त्याने किती वेळा सोडवले होते, मी साक्षीदार आहे. पण त्या दिवशी त्याला काही म्हणजे काही आठवेना. शेजारच्या मुलाच्या टाकाची कुरकुर ऐकत तो नुसता बसून राहिला. घाम माझ्या कॉलरीतून खाली उतरत होता. मला त्याला हलवावेसे वाटत होते.

घरी आल्यावर तो कोणाशी फारसे बोलला नाही. भिकुबाईला वाटले, पोर थकले आहे. तिने माझा वास घेतला, नाक मुरडले आणि मायेपोटी मला रिठ्याच्या पाण्यात धुऊन टाकले. इतक्या वर्षांनी मला मोकळा श्वास मिळाला. त्या माउलीला काय ठाऊक, पुढे काय वाढून ठेवले आहे!

निकाल लागला. नवलसिंगचा नंबर नव्हता. त्या दुपारी तो मला अंगात घालून तापीवर गेला. डोहाशेजारी एक मोठा काळा खडक आहे. तिथे त्याने मला उतरवले. बाह्या आत दुमडल्या, नीट घडी घातली, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून माझ्यावर एक दगड ठेवला. कोट उसना होता ना. मग तो पाण्याकडे गेला. मला हाक मारता आली नाही. कोटाला तोंड नसते, मित्रांनो. तो परत आला नाही.

गावाने काय म्हणावे? पोरगा घाबरला होता, त्याला कोणी धीर दिला नाही, असे कोणी म्हटले नाही. "कोट धोया म्हनीसन व्हयनं," असे म्हटले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. भिकुबाई त्यानंतर बायकांच्या घोळक्यात पाणी भरायला गेली नाही. सगळ्या परतल्या की एकटी जाई. माझा मान मात्र कमी झाला नाही. उलट, पाणी लावू नये हा नियम दुप्पट कडक झाला. मी खुंटीवर टांगलेला असे आणि मला त्या दगडाचे वजन अजून जाणवे.

वर्षे गेली. भिकुबाईचा धाकटा मुलगा दलसिंग मॅट्रिकला आला. नंदुरबारच्या शाळेत चाचणी परीक्षेत जेमतेम निभावल्यावर शाळेने त्याला मॅट्रिकचा फॉर्म भरू दिला, तोही गणितात काठावर असताना. आणि मला मागायला कोण आले असेल? खुद्द भिकुबाई. ज्या कोटाची तिला दहशत होती, तोच मागायला ती धनुबाईच्या दारात उभी राहिली. कारण कोट नाही नेला आणि पोर नापास झाले, तर गाव पुन्हा तिलाच बोल लावणार होते. इकडे आड, तिकडे विहीर.

धनुबाईने मला खुंटीवरून काढले, पण लगेच दिले नाही.

"पानी?" तिने विचारले.

"नही लावाव," भिकुबाई खाली बघून म्हणाली.

दलसिंगने मला अंगात घातले आणि मी दचकलो. तेच ठोके! गणित आले की तीच घाई, भूमितीच्या त्याच प्रमेयाशी तेच अडखळणे. नवलसिंगच परत आला आहे, असे मला वाटले. ओट्यावर तो अभ्यास करी आणि भिकुबाई दाराआड उभी राहून त्याच्याकडे बघत राही. तो पुस्तक मिटून नदीच्या बाजूला नुसता वळला, तरी ती हातातले काम टाकून मागोमाग निघे. एकदा तो चिडलाच.

"माय, मी कोठे जाई ऱ्हायनू? बकरी बांधाले जाई ऱ्हायनू!"

तरी बकरी बांधून तो परत येईपर्यंत ती अंगणातून हलली नाही.

धुळ्याला निघायच्या दिवशी तिने पारावर कोणाला जमू दिले नाही. नदी उथळ पाण्याच्या उतारावरून ओलांडून, मोटार थांबते तिथपर्यंत ती स्वतः त्याच्याबरोबर चालत आली. मोटार आली. तिने माझे वरचे बटण लावले, कॉलर सारखी केली.

"पास व्हय का नापास व्हय," ती म्हणाली, "घर ये. मी भाकर करी ठेवसू."

एवढेच. मी इतक्या मुलांना निरोप देताना ऐकले, पण हे वाक्य पहिल्यांदाच ऐकले.

गणिताचा पेपर आला. दलसिंगने पहिला प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. त्याचा हात माझ्या बटणावर गेला आणि बटण पिळू लागला. मी गारठलो. आता हाही तसाच बसून राहणार! बटण तुटून खाली पडले. ते घरंगळत गेले तसा तो भानावर आला. ओठांतल्या ओठांत पुटपुटला, "घर ये." मग पहिला प्रश्न सोडून त्याने तिसरा घेतला. जे येत होते ते लिहिले, जे येत नव्हते ते कोरे सोडले. किती बरोबर होते ते मला कळत नाही, मी कोट आहे. पण घंटा होईपर्यंत त्याचा टाक चालू होता.

मे सरत आला. निकालाचे वर्तमानपत्र दुपारच्या मोटारीने यायचे होते. भिकुबाई चुलीपाशी होती. दलसिंगने मला काखेत मारले, रिठे घेतले आणि नदीवर आला. त्याच काळ्या खडकावर. माझी अवस्था काय झाली असेल, तुम्हीच सांगा! मला वाटले, संपले सगळे. पण त्याने मला पाण्यात बुडवले आणि धुवायला लागला. चांगले बदडून, पिळून, कॉलर घासून धुतले. मग खडकावर पसरले आणि गुडघाभर पाण्यातून उतार ओलांडून मोटारीकडे निघून गेला.

शेळ्या चारणाऱ्या एका बाईने पलीकडच्या दरडीवरून मला पाहिले. तोच खडक, तोच कोट, आणि माणूस नाही. ती ओरडत गावात पळाली. कोट धुऊन वाळत घातला असेल, हे एकाच्याही डोक्यात आले नाही. येणार कसे? निकालाआधी आमच्या गावात तो कोट कोणी धूतच नाही! माणसे धावत आली. कोणी डोहात उड्या घेतल्या. धनुबाई काठी टेकत आली आणि कपाळाला हात लावून वाळूत बसली. मी ओरडून सांगत होतो, "अरे, तो मोटारीवर गेला आहे!" पण कोटाला तोंड नसते.

भिकुबाई आली ती धावत नाही, चालत आली. माणसांनी तिला वाट दिली. तिने मला उचलले आणि पोटाशी धरले. असे छातीचे ठोके मी आयुष्यात ऐकले नव्हते. मग ती एकदम थांबली. तिने माझी कॉलर नाकाशी नेली.

"रिठा," ती म्हणाली. "कोट धोयेल शे."

कोणी ऐकले नाही. धनुबाईने मान हलवली. पण भिकुबाई मला घेऊन पाण्याच्या कडेला उताराकडे तोंड करून उभी राहिली, आणि कोणी कितीही ओढले तरी हलली नाही. किती वेळ गेला, कोण जाणे. ओला असूनही मी भाजत होतो.

मग उतारावर एक माणूस दिसला. धोतर वर खोचलेले, हातात वर्तमानपत्र. तो गर्दी पाहून गोंधळला, मग आईच्या हातात मला पाहून त्याला सगळे उमगले. तो पाण्यातून पळत आला.

"माय, मन्हा नंबर नही," तो धापा टाकत म्हणाला. "नापास व्हयनू. घर उनू मी."

धनुबाई उठली. "कोट कोनी धोया?"

"मी धोया," दलसिंग म्हणाला. "गणित मन्हं कच्चं शे, आजी. कोटनं काय चुकनं? मन्ही मायनं बी काय चुकनं नव्हतं."

डोहातून वर आलेले गडी धोतरे पिळत उभे होते. भिकुबाई रडेल असे मला वाटले होते. तिने फक्त त्याचा हात धरला.

"भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी," ती म्हणाली. "चाल."

मित्रांनो, त्यानंतर मला कोणी मागायला आले नाही. गुण उतरलेला कोट कोणाला हवा? दलसिंग पुढल्या वर्षी साध्या सदऱ्यावर पुन्हा बसला आणि पास झाला. गावात हलगी वाजली, पण माझे नाव निघाले नाही. मला त्याचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? एके दिवशी धनुबाईने मला खुंटीवरून काढून स्वतः भिकुबाईच्या घरी आणून दिले. ती दारात थोडी रेंगाळली आणि काठी टेकत परत गेली.

आता थंडीत भिकुबाई मला घालून शेतावर जाते. मळलो की धुते. ठिगळे तिनेच लावली आहेत. मला जपा, असा हट्ट मी करत नाही. कापड आहे, विरणारच. पण तुमच्या घरातले कोणी परीक्षेला निघाले, तर त्याच्या खांद्यावर गावाचे नाक, घराची अब्रू असले काही ठेवू नका. ते ओझे कोटाला पेलते, मुलाला पेलत नाही.

मार्च आला की भिकुबाई अजून मोटारीपर्यंत जाते, मुलगा कोणाचाही असो. त्याची कॉलर सारखी करते आणि म्हणते, "घर ये." तेव्हा उन्हातही मी तिच्या अंगावर असतो, आणि मोटार दिसेनाशी होईपर्यंत ती तिथून हलत नाही.