छापलेला मुलगा

लाल पेन्सिलीचं ते बोटभर थोटूक कानामागे आहे ना, हे आजोबांनी पुन्हा चाचपलं. आहे. छापखान्यातून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तपासायला प्रूफं उरली नाहीत, तरी कान रिकामा ठेवायची सवय होत नाही... जन्मभर दुसऱ्यांच्या चुका हुडकल्या, काना-मात्रा इकडची तिकडे होऊ दिली नाही — आणि तोच मी, रोज दुपारी नातीला मांडीवर घेऊन छापलेलं पुस्तक धडधडीत खोटं वाचत आलो!

खोटं तरी कसं म्हणावं? दीपगृहाची गोष्ट. वादळ सुटलंय, बोटी भरकटल्यात, राखणदार तापानं फणफणलाय, आणि त्याचा शूर मुलगा एकटा वर चढून दिवा लावतो. खाली एक मुलगी त्याच्या चपला धरून रडत उभी. पहिल्यांदा वाचायला घेतली तेव्हा खारूताई — पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणून सगळं घर नातीला हेच म्हणतं — त्या रडणाऱ्या मुलीवर बोट ठेवून हळूच म्हणाली होती, "ही मी?"

त्या 'ही मी'नं आजोबांना राहवलं नाही.

"छे! तू ही वरची. शूर मुलगी."

"पण हिला वेण्या कुठायत?"

"कापल्यात. जिना चढताना मध्ये येतात."

मग काय, जीभ सैलच सुटली. राजकन्येच्या गोष्टीतलं 'गोरीपान' ते गिळून टाकू लागले, कारण पानावर पसरलेले नातीचे दोन्ही हात सावळे असत. 'काळाकुट्ट' चोर नुसताच चोर झाला. आणि खारूताईनं घर डोक्यावर घेऊन स्वतःच्या वेण्या कापून घेतल्या, अंगणातल्या झाडावर चढून दिवा लावायचा खेळ सुरू केला. लेक वैतागली, "बाबा, तुम्हीच काहीतरी भरवलंय तिच्या डोक्यात." त्यांनी कानांवर हात ठेवले. मनातून मात्र खूष... अगदी खूष.

आणि आता ती वाचायला शिकली.

"आज मी वाचणार. तुम्ही नुसतं ऐकायचं," जेवणं झाल्याबरोबर हुकूम सुटला. पुस्तक तेच.

"बिंग फुटणार हं आज तुमचं," आजी मटार सोलता सोलता हसली. हिला हसायला काय जातंय! ती वरची मुलगी नव्हतीच कधी, आजोबांची थाप होती, हे पोरीला आता कळणार... मग ते केस, ते अंगणातलं झाड, सगळंच खोटं? पुन्हा ते बोट खाली सरकेल, चपला धरणारीवर जाऊन बसेल. माझ्यावरचा विश्वास गेला तर गेला, पण ते बोट...

ती वाचत होती. एकेक अक्षर दगडावरून दगडावर उडी मारावी तसं. तरी ऐकायला किती गोड वाटत होतं — आयुष्यभर प्रूफं वाचली, कुणी आपल्याला वाचून दाखवण्याचं सुख असं असतं तर!

"आणि त्याचा शूर मु... मुल..."

थांबली. बोट शब्दाखाली तसंच. मग चित्राकडे पाहिलं, आपल्याच मोकळ्या मानेवरून हात फिरवला. आजीचे मटारही थांबले. आता सांगावं... सांगूनच टाकावं...

"आजोबा, छापणाऱ्यानं चूक केलीय. मुलगा लिहिलंय!"

"असं?"

"तुमच्या कसं लक्षात आलं नाही? रोज तर वाचता!"

आजीनं पदर तोंडाला लावला. खारूताईनं हात उंचावून त्यांच्या कानामागचं थोटूक ओढून घेतलं. "कसं दुरुस्त करायचं?"

"शब्दावर रेघ मारायची," आजोबा म्हणाले, "आणि बरोबर काय ते बाजूच्या समासात लिहायचं."

तिनं जीभ बाहेर काढून लिहिलं — मुलगी. वेलांटी तिरपी, गी लगेच खालच्या ओळीत घसरलेली. आजोबांचं बोट दुरुस्तीच्या सवयीनं पुढे झालं आणि त्यांनी ते मागे घेतलं. चूक नक्की कुणाची, हे कधीतरी तिला सांगावं लागेलच... की नाहीच लागणार? पुढच्या पानावरही मुलगा आहे, त्याच्या पुढच्याही. फळीवरच्या इतर पुस्तकांत तर विचारूच नका.

"वाच पुढे," ते म्हणाले. हात आपोआप कानाकडे गेला. रिकामा होता. राहू दे, त्यांना वाटलं, असाच बरा आहे.