पुढचं शून्य

“परत लाल!” सून एवढ्यानं किंचाळली, की सासूबाईंच्या हातची वाटी पातेल्यात पडली.

“अगं, घर पेटलं की काय?”

“प्रोग्रामची चाचणी फसली, आई! शंभरदा बरोबर येतं आणि मधेच एकदा घोळ. संध्याकाळपर्यंत सापडला नाही तर माझं काम दुसऱ्याला देतील.”

बाळंतपणानंतर सुनेनं हाती घेतलेलं हे पहिलंच काम. जगभरचे प्रोग्रामर आयते तुकडे उचलतात अशा एका लायब्ररीत, मजकूर कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या फाइलीत जपून ठेवायची सोय तिला करायची होती. लायब्ररी म्हणे, आणि पुस्तक एक नाही! किल्ली तरी कसली, तर ‘पब्लिक’, चव्हाट्यावर वाटायची. कमरेची किल्ली झोपेतही न सोडणाऱ्या सासूबाईंना पहिल्या दिवशी घामच फुटला होता.

“आई, हिनं फक्त बंद करता येतं. उघडायची वेगळी, ती आपल्यापाशीच.”

“मग तिला कुलूप म्हणा की! शिकलात एवढे, धड नाव ठेवता येईना.”

आज मात्र त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. त्यात सकाळीच लेकानं वडिलांची खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली. “दाटी होते, आई. बाबा गेल्यापासून रिकामीच तर असते.” दुपारी जेवताना सगळेच एकेक जागा सरकले, आणि सासूबाईंचा हात सवयीनं गेला तो थेट सुनेच्या ताटात. एरवी घर डोक्यावर घेणाऱ्या सासूबाईंनी हात मागे घेतला आणि गॅलरीकडे पाहिलं.

“सापडलं!” सून टुणकन उठली. “शून्य, आई, शून्य!”

“शून्य मिळालं म्हणून कुणी नाचतं का?”

“ऐका तर! किल्ली म्हणजे वळणदार रेघेवरचा एक ठिपका. आडवा किती, उभा किती, असे दोन आकडे. शेजारी शेजारी लिहायचे, प्रत्येकाला ठरलेली घरं. कधीतरी आकड्याच्या पुढे, अगदी सुरुवातीला, शून्य येतं. त्याला किंमत नाही म्हणून माझा प्रोग्राम ते गाळत होता. मग मागचे सगळे एकेक घर पुढे सरकायचे आणि वाचताना किल्ली भलतीच!”

“मग आता?”

“किंमत नसली तरी त्याची जागा ठेवायची.”

“परत सांग.”

“जागा ठेवायची, आई.”

सुनेची बोटं धावली. सासूबाई पदराला हात पुसत संगणकाच्या पडद्यापाशी वाकल्या. हिरवं. हिरवं. पुन्हा हिरवं! दिवे लागायच्या सुमारास निरोप वाजला.

“घेतलं! आई, माझं काम घेतलं!” सुनेनं त्यांना गरकन फिरवलं.

“सोड गं मेले, हाडं मोडशील!” म्हणत त्याही एक गिरकी जास्तच फिरल्या.

रात्री ताटं मांडल्यावर त्या पदर खोचून गॅलरीत गेल्या आणि खुर्ची करकर ओढत आत टेबलाशी आणली.

“आई, कशाला?” लेक म्हणाला. “कुणी बसत नाही तिच्यावर.”

“ठाऊक आहे. ताट उचल तुझं.”

लेकानं सुनेकडे पाहिलं. सून आपलं ताट उचलून केव्हाच सरकली होती. तोही सरकला.

सासूबाईंनी न बघताच हात पुढे केला. तो स्वतःच्या ताटात पडला.