एका पायाचा बूट

त्या कारखान्यात नव्या बुटाचा पहिला नमुना एकाच पायाचा करत, उजव्या. नापास झाला तर निदान दुसऱ्या पायाचं कातडं वाचतं. आणि तो उजवा पाय असायचा मावशीचा. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण तिच्या पायात शिरून आल्याशिवाय बायकांचा एकही बूट दुकानाचं तोंड बघत नसे. डोळे मिटून बूट चढवायची आणि आत कुठली शिवण जाड झालीय ते सांगायची. तळव्याखाली कागद ठेवला तर मावशी त्यावरचा मजकूर वाचते, अशी बोलवा होती. ती शुद्ध थाप. शाई वाळलीय की ओली, एवढंच तिला कळायचं.

बुटांची चित्रं काढणाऱ्या बाईला सगळे ठिणगी म्हणत, कारण ती बोलायला लागली की जवळच्या माणसाने सरकून बसावं. त्या दिवशी मात्र तिची वाचा बसली होती. तिचे आधीचे दोन नमुने नापास झाले होते. हा तिसरा, उंच टाचेचा, तरी दिवसभर घालून उभं राहता येईल असा. मालकीणबाईंनी बजावलं होतं, "हाही गेला तर यापुढे तू फक्त बकलांची चित्रं काढायची."

मावशीने उजवा पाय बुटात सरकवला, डावी टाच तेवढ्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर टेकवली आणि डोळे मिटले. कधी नव्हे ते तिचं तोंड वाकडं झालं.

"करंगळी रडतेय गं."

"अहो, तुमच्याच साच्यावर केलाय!"

"मग साचाही रडत असेल, विचार त्याला."

साचा म्हणजे मावशीच्या पायासारखा कोरलेला लाकडी पाय. बूट त्याच्यावरच ओढून शिवायचा. ठिणगीने तो मावशीच्या उघड्या पायाशेजारी ठेवला आणि ती बघतच राहिली. पायाचं अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलं होतं, चवडा पसरला होता. लाकूड मात्र तरुणच होतं.

"काका, हा पाय शेवटचा कधी मोजला होता?"

साचे घडवणारे काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "फुटपट्टीला कुणी फुटपट्टी लावतं का?"

मालकीणबाई दारातून सगळं ऐकत होत्या. "म्हणजे बूट बरा आहे. पाय जुना झालाय. नवा पाय शोधू."

मावशी खाली वाकून स्वतःची चप्पल चाचपायला लागली.

ठिणगीच्या बुटावरचा ठपका गेला होता. गप्प बसली असती तरी पास झाली असती. पण गप्प बसणं तिला कुठून जमणार?

"बाई, जरा तुमची चप्पल काढता?"

"माझी? डोकं फिरलंय का तुझं?"

"काढा तर."

मालकीणबाईंनी कुरकुरत चप्पल काढली. अंगठ्याजवळ तेच हाड, तोच पसरलेला चवडा.

"आपल्याकडे बूट घेणाऱ्या बायका मावशींबरोबरच वयाने वाढल्यात," ठिणगी म्हणाली. "त्यांना नवा पाय कुठून आणून देणार आहात?"

मालकीणबाईंनी घाईघाईने चप्पल घातली. "उद्या दुपारी नवा नमुना दाखव. नाही जमलं तर तू बकलांवर आणि मावशी घरी."

मग काकांनी आणि ठिणगीने जुन्या साच्यावर कातड्याच्या चकत्या चिकटवल्या, हाडाच्या जागी एक, चवड्याला दोन. कानशीने घासून उतार इतका गुळगुळीत केला की त्यावरून माशी घसरली. खोटं वाटत असेल तर काकांना विचारा. त्यांनी तिला उचलून उभं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाय सुजून पुरते फुगल्यावर, मावशीने नवा नमुना चढवला. डोळे मिटले. मग ती उभी राहिली आणि चालायला लागली. दालनातून जिन्याकडे, जिन्यावरून रस्त्यावर.

"मावशी, अहो, एकच बूट आहे!" ठिणगी मागे धावली, पण दारातच थबकली.

मावशी भर रस्त्याने चालली होती. उजव्या पायात उंच टाच, डावा पाय अनवाणी, आणि चालीत लंगडेपणाचा मागमूस नाही. उघडी टाच आपोआप वर उचललेली, जणू तिच्याखालीही बूट होता आणि तो फक्त इतरांना दिसत नव्हता. पाववाल्याने हातातली सुरी खाली ठेवली. सायकलवाला उतरून बाजूला उभा राहिला. मावशी कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली आणि दारात थांबली.

"करंगळी?" ठिणगीने घाबरत विचारलं.

"झोपलीय." मावशीने खाली पाहिलं. "अगं बाई! दुसरा कुठे गेला?"

काका ठोकळा घेऊन गुडघ्यांवर बसले. मावशीच्या अधांतरी टाचेखाली त्यांनी तो सरकवला. नेमका बसला; वर केसाचीही फट नाही.

मालकीणबाई कितीतरी वेळ त्या टाचेकडे बघत होत्या. मग अगदी हळू, देवघरात बोलावं तशा म्हणाल्या,

"डावाही करा."