कवळीवाल्यांची होडी

जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवलेल्या माणसाला होडीच्या डेकची कसली भीती? ठसा घ्यायचा, साचा करायचा, रंग जुळवायचा आणि बसवून द्यायचं. कवळीवाल्यांनी स्वतःची अशी समजूत घातली खरी, पण कामाला हात घालायचा धीर होईना. इथे गिऱ्हाईक घरचंच होतं ना.

गेल्या मोसमात त्यांची बायको याच डेकवर घसरली आणि मनगट मोडून घेऊन उतरली. पाय घसरू नये म्हणून फायबरच्या डेकवर बारीक चौकटींची खरखरीत नक्षी होती. पायरीजवळ ती झिजून गुळगुळीत झाली होती. तिने अनेकदा सांगितलं होतं आणि यांनी दर वेळी "बघू" म्हटलं होतं. मनगट जुळलं, पण ती पुन्हा होडीकडे फिरकली नाही. रागावली असती तरी परवडलं असतं. ती नुसती "तुम्ही जा" म्हणायची. एकट्यानेच जायचं तर होडी ठेवायची कशाला? याही मोसमात ती आली नाही, तर विकून टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

झिजलेला भाग त्यांनी घासून काढला. ठशासाठी शाबूत नक्षी हवी होती, पण सगळ्या डेकचंच वय झालं होतं. शेवटी त्यांनी तिची बसायची पेटी सरकवली. खालची नक्षी अगदी कोरी होती. इतकी वर्षं ती तिथेच बसत आली आणि तेवढा तुकडा जपला गेला. कवळीवाल्यांना भरून आलं. त्यांनी त्यावर दातांचे ठसे घ्यायचं रबर थापलं, घट्ट झाल्यावर साचा अलगद सोलून काढला आणि पेटी जागेवर ठेवली. मग जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरवर द्यायच्या लेपात, थेंबाथेंबाने रंग घालून डेकची सायीसारखी छटा आणली, तो घट्ट करणारा हार्डनर मिसळला, लेप दिला आणि वर साचा दाबून बसवला.

आता थांबायचं होतं. पण गिऱ्हाइकांना धीर धरायला सांगणारा हा माणूस स्वतःच्या होडीवर उतावळा झाला. लेप पुरता घट्ट व्हायच्या आतच त्यांनी साचा उचलून पाहिला. नक्षी हुबेहूब उठली होती. आता हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावून ते सावलीत टेकले.

पाणी होडीला हळूहळू डुलवत होतं. उन्हाचे कवडसे नक्षीवरून सरकत होते, आणि चौकटी डेकवरून सुटून पाण्यावर पसरल्यासारख्या वाटत होत्या. डोळे जड झाले. त्या चौकटींवरून ती येत होती. चपला धक्क्यावर काढून, एक हात कठड्याला धरून. पायरीवर ती थबकली, खाली पाहिलं आणि पाऊल टाकलं. ओलं आहे म्हणून सांगावं असं त्यांना वाटलं. पण हाक मारली तर स्वप्न मोडेल या भीतीने ते गप्प राहिले.

जाग आली तेव्हा ती पेटीवर बसून चिंधीने टाच पुसत होती. नव्या नक्षीच्या मधोमध तिचं अख्खं पाऊल उमटलं होतं.

"अहो, ओलं आहे म्हणून सांगायचं तरी."

"मला वाटलं, स्वप्न आहे."

साचा आहेच, पुन्हा घासून लेप देतो, असं म्हणत ते धडपडत उठले. तिने त्यांचा हात धरला, तोच मोडून जुळलेल्या हाताने.

"घसरले नाही ना मी? मग राहू द्या." तिने पायरीकडे पाहिलं. "पण हे घट्ट होईपर्यंत मला उतरता यायचं नाही. किती वेळ लागेल?"

हे सुकायला किती वेळ लागतो, ते कवळीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बराच," ते म्हणाले आणि धक्क्याला बांधलेली दोरी सोडायला गेले.