सात नंबरचं दुखणं

सात नंबरचं डायलिसिस मशीन भंगारात निघालं, तर पेइ-शानला तीन आठवडे ओसाका मिळणार होतं. हिशेब सरळ होता. जुनं गेलं की नवं येणार, नवं आलं की ते शिकायला एक इंजिनिअर जपानला जाणार, आणि समुद्रकाठच्या त्या लहानशा हॉस्पिटलात बायोमेडिकल इंजिनिअर एकटी तीच. चौदा वर्षं तिने पंपांच्या बॅटऱ्या बदलल्या होत्या, आणि “मशीन मेलंय” म्हणून बोलावणाऱ्या डॉक्टरांच्या देखत मुकाट्याने प्लग लावून दाखवला होता. ओसाका तिला कुणी फुकट देत नव्हतं.

वय झालेल्या मशीनांची यादी वॉर्डच्या दाराला लागली तेव्हा सात नंबर त्यात होतं, पण बिघडल्याशिवाय निघणार नव्हतं. आणि त्याच आठवड्यापासून ते बिघडलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, फक्त सकाळच्या पाळीत. तासभर झाला की तापून बोंब ठोकायचं. रुग्णाला सोडवून राखीव मशीनवर घ्यायचं, आणि दुपारी पेइ-शानने उघडून पाहावं तर पठ्ठं गार. पंखा ठीक, मागची जाळी स्वच्छ. दुपारच्या रुग्णाला घेऊन चार तास गुमान चालायचं.

“तेरा वर्षं म्हणजे मशीनची नव्वदी,” विभागप्रमुख शिआओ साहेब म्हणाले. “शुक्रवारी तीन वाजता भंगाराच्या कागदावर सही कर आणि बॅग भरायला घे.”

गोची एकच. नवं यायला चार महिने लागणार, आणि तोवर सात नंबरच्या रुग्णांनी चिया-यी शहरातल्या हॉस्पिटलात जायचं, बसने तासभर. दुपारचा रुग्ण खुशीत होता. त्याची मुलगी तिथेच राहायची. सकाळचे चिन-फा आजोबा नव्हते. त्यांना बसचं काही नव्हतं, त्याच रस्त्यावर तीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. प्रश्न सहा नंबरचा होता. सहा नंबरवर आ-ताव आजी असायच्या, उभा जन्म कालवं फोडण्यात गेलेल्या. दोघं नऊ वर्षं शेजारी शेजारी पडून भांडत होती. चिया-यीत भांडायला कोण होतं?

शुक्रवारी पेइ-शानने ठरवलं, दुपारी मढं तपासण्यापेक्षा सकाळी उशाशी बसावं. ती स्टूल घेऊन आली, तेव्हा वजनं चालली होती.

“दोन किलो आठशे वाढलं!” आजी ओरडल्या. “सूप ढोसलंस ना, ड्रायव्हर?”

“तुझं किती वाढलं ते सांग आधी.”

“माझ्या अंगावर पाच पदरी स्वेटर आहे.”

“मे महिन्यात?”

सुया लागल्या, मशीनं गुणगुणू लागली. प्रत्येक मशीनच्या माथ्यावर, समोरच्या बाजूला, नारळाच्या खाऊची हिरवी पुडी होती. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून ती ठेवायचीच. हिरवीच हवी, तारीख उलटलेली नको, आणि खायची तर मुळीच नाही. पेइ-शान पदवीधर असली तरी दर जानेवारीत सगळ्या पुड्या स्वतःच्या हाताने बदलायची. अशा गोष्टीत कोण धोका पत्करतो?

चाळीस मिनिटांनी सात नंबरचा तापमानाचा आकडा चढू लागला. पेइ-शानने मागे हात घातला. जाळीवर काहीतरी कुरकुरलं. एक, दोन, तीन, चार हिरव्या पुड्या, नीट मांडून, हवेची वाट पूर्ण बुजवलेली.

“आजोबा, हे काय?”

आजोबा छताकडे बघू लागले. “खाऊ.”

“कधीपासून?”

“यादी लागली तेव्हापासून. आधी एकच जास्तीची ठेवली होती. बोंबललं. मग दोन केल्या. तरी बोंबललं. हेडसिस्टर एकाहून जास्त ठेवू देत नाही, म्हणून मागे.”

“मग दुपारी मला का दिसल्या नाहीत?”

“जाताना पिशवीत घालतो ना! दुपारचा तो बकासुर खाऊन टाकेल.”

पेइ-शान पुड्या हातात घेऊन उभी राहिली. पुन्हा जाळीवर ठेवायला दोन सेकंद पुरले असते. पंधरा मिनिटांत बोंब, तीनला सही, पुढच्या महिन्यात ओसाका. आजोबा तिच्याकडे असे बघत होते, जणू ती डॉक्टर आणि सात नंबर त्यांचं लेकरू.

आकडा उतरू लागला. तिने पुड्या त्यांच्या पिशवीत टाकल्या.

“आजोबा, मशीन एका पुडीत शहाणं राहतं. चार दिल्या की लाडावतं. समोरची आहे तेवढी बस.”

“म्हणजे माझ्यामुळेच...?”

“मुळीच नाही. वाटेत होत्या, एवढंच.”

“वाटेतच होत्या म्हणे!” आजी सहा नंबरवरून खिदळल्या. “ह्याची माया उतू गेली की समोरच्याला ताप चढतो!”

तीन वाजता पेइ-शानने कागदावर लिहिलं: ‘बिघाड नाही. मागची जाळी झाकली गेली होती.’

“कशाने?” साहेबांनी विचारलं.

“हिरव्या पुड्यांनी. चार होत्या.”

साहेबांच्या स्वतःच्या संगणकावर एक होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं. “तारीख उलटलेल्या?”

“नाही, ताज्या.”

“मग पुड्यांना दोष देता येणार नाही,” असं म्हणून त्यांनी कागद फाईलला लावला.

नवं मशीन हॉस्पिटलच्या ताइनान शाखेला गेलं, आणि ओसाकाला तिथलाच कुणीतरी. सोमवारी आजींनी पेइ-शानच्या हातात सोललेल्या कालवांची पिशवी कोंबली.

“गेलं ना गं तुझं जपान? नर्सा बोलत होत्या.”

“गेलं, आजी.”

“ह्या येड्याला सांगू नकोस. नाहीतर तुझ्या डोक्यावर पुडी ठेवेल.”

“काय कुजबुजताय?” सात नंबरवरून आवाज आला.

“तुझं वजन!” आजी ओरडल्या.

तर खर्चाचा हिशेब असा: आजोबांना चार पुड्या पडल्या, त्याही नातवंडांनी फस्त केल्या. आजींना पिशवीभर कालवं पडली. सात नंबरला काहीच नाही, ते आणखी तीन वर्षं चाललं. ओसाका तेवढं पेइ-शानला पडलं, आणि त्याची मोड म्हणून त्या संध्याकाळी तिने कालवांचं ऑम्लेट केलं, भरपूर तिखट सॉस घालून.